भागीरथीचा तोरा

धुडकूनं भागीरथीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, आपण चुकून एखाद्या राणीच्या दरबारात शिरलो. सुरतच्या लिंबायतहून, कापडाच्या लूमवरची रजा काढून तो पारोळ्याला मुलगी बघायला गेला होता. तिचे मामा मागून म्हणाले, "पोरी, इकडे बघ." दुसरी कोणी नुसती मान वळवती. भागीरथी आधी पावलं, मग कंबर, मग खांदे अशी सगळीच्या सगळी वळली. बोळात ट्रक फिरवायला लागतो तेवढा वेळ गेला. चहावर साय धरली, दोन पाहुणे डुलकी काढून उठले.

"काय तोरा!" म्हणत धुडकू तिथंच घायाळ झाला.

बारा वर्षं संसार झाला, तोरा कायम. खांद्यांवर थेट डोकं ठेवल्यासारखी तिची आखूड मान कुणासाठी वळली नाही.

शहाण्णवच्या श्रावणात घरात खानदेशची देवी कानबाई बसायची होती. सोमवारी देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन विसर्जनाला तापीवर जायचं. आजवर थोरली जाऊ पुष्पाबाईच नेत. यंदा पहिल्यांदा भागीरथीची पाळी. तिनं महिनाभर आधीच भरलेली घागर डोक्यावर घेऊन तालीम सुरू केली आणि हातांना मुंग्या यायला लागल्या.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "बेन, मानेचं पहिलं हाड जन्मापासून कवटीला चिकटलेलं आहे. माथे वजन बिलकुल नहीं!"

"म्हणजे तो तोरा नव्हता?" धुडकूनं विचारलं.

"बारा वरीस तुमले तेच वाटनं?" भागीरथी रडता रडता हसली. पण घरी येऊन पुन्हा रडलीच. "आते कानबाई कोन लई जाई?"

"मी शे ना वं!" पुष्पाबाई फारच चटकन म्हणाल्या.

धुडकू तडक रिक्षावाल्या मगनकडे गेला.

सोमवारी झेंडूनं मढवलेल्या रिक्षात भागीरथी मांडीवर चौरंग घेऊन बसली. पुढं ताशा, फुगड्या, गुलाल. दोन्ही बाजूंनी हाका येत होत्या. ती ताठ, समोर बघत. रस्त्यावरच्या गुजराती बायकांना यातली देवी नक्की कोणती ते कळेना, म्हणून त्यांनी दोघींनाही हात जोडले. धुडकू तापीपर्यंत रिक्षापुढं उलटा चालत नाचला, म्हणजे तिला तो मान न वळवता दिसावा.

पुढच्या वर्षी नेमके श्रावणातच पुष्पाबाईंचे गुडघे दुखायला लागले. चौरंग घेऊन रिक्षात त्या बसल्या. भागीरथी मागून चालत गेली.