खोबरेल घातलेले दार

आमच्या घरी गाडीच्या खोलीला दार येण्याआधी दार उघडायचे मशीन आले. लग्न ठरायच्या आधी पाळणा करून ठेवावा, तसला तो प्रकार.

माझे मोठे दीर मस्कतला एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. तिथल्या मालकाने गॅरेजचे जुने मशीन काढून नवे बसवले. जुने दिरांनी मागून घेतले आणि सुट्टीवर येताना ट्रंकेत साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणले. ट्रंक उघडली तेव्हा घरातल्या बायकांना साड्या दिसल्या आणि आमच्या ह्यांना मशीन दिसले. ते मांडीवर घेऊन हे बराच वेळ बसले होते. स्वतःच्या मुलाला ह्यांनी एवढा वेळ मांडीवर घेतलेला मी पाहिला नव्हता.

ह्यांची स्वतःची टॅक्सी होती. जुनीच, पण स्वतःची. ती मांगरात उभी असायची. मांगर म्हणजे परसातली माडाच्या झापांची खोप, आधी तिथे गुरे असत. समुद्र घरापासून हाकेवर, त्यामुळे खाऱ्या वाऱ्याने गाडीचा पत्रा पापडासारखा सुटायचा. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायच्या. एकदा एका गिऱ्हाइकाने वेंगुर्ल्याला उतरताना विचारले होते, की अंडी भाड्यातच धरायची का. तेव्हापासून ह्यांच्या मनात पक्की खोली बांधायची होती. खोली चिऱ्यांची झाली. प्रश्न राहिला दाराचा.

सासरे म्हणाले, फणसाच्या फळ्यांचे दोन झडपांचे दार करा, सुतार गावातलाच आहे. हे म्हणाले, मस्कतच्या मशीनला रुळांवरून वर सरकणारे पत्र्याचे दारच लागते. सासरे म्हणाले, "दार आपसून उघडता, मगे चोराक तरास तो खंय?" बोलणे दोन्हीकडून वाढत गेले. तेव्हा सासू म्हणाली, "भांडू नकात. देवाक विचारया."

आमच्याकडे विहीर खणायची, सोयरीक जुळवायची, होडी पाण्यात लोटायची, तर देवळात कौल लावतात. पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. आता गॅरेजच्या मशीनसाठी कुणी कौल लावल्याचे गावात ऐकिवात नव्हते. गुरवांनी ह्यांच्याकडून दोनदा समजावून घेतले, मग हात जोडून मोठ्या आवाजात गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान गाडयेच्या दाराक मस्कतचा मशीन लावचा योजल्यान आसा. दार आपसून वर जातला, आपसून खाली येतला. तर ता लावचा काय नाय, उजवा डावा करून सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी खांबाआड होते. मीही ओठ हलवले.

उजवी कळी पडली. घरी येताना सासरे वाटेत पुटपुटत होते, "देवाक इजेतला काय कळता? तेच्या देवळात अजून समईच पेटता."

मी खांबाआड होते हे लिहिले, ते सहज लिहिले गेले. मी सगळीकडे कशाच्या तरी आडच असायची. चौथीनंतर शाळा सुटली आणि तोंडवलीहून लग्न होऊन इथे आले, तेव्हापासून परक्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची. परके म्हणजे कोण, तर नवरा, सासू, नणंद आणि मूल सोडून उरलेले सगळे जग. त्यात सासरेही आले. त्यांना चहा हवा असला की ते सासूला सांगत, सासू मला सांगे. चहात साखर कमी झाली तर त्याच वाटेने निरोप परत येई. तोवर चहा निवलेला असे.

मशीन बसवायला म्हापशाकडून एक माणूस आला. छताला लांब लोखंडी पट्टी, त्यावरून धावणारी साखळी, साखळीला एक आकडा, आणि त्या आकड्याने ओढलेले पत्र्याचे दार. बसवून झाल्यावर तो सगळे समजावून सांगत होता. पण ऐकत कोण होते? हे अंगणात उभे राहून हातातल्या छोट्या डबीचे बटण दाबत होते, आणि दार वरखाली होताना बघायला अर्धी वाडी जमली होती. मासे विकणारी एक म्हातारी डोक्यावरची टोपली सावरत किंचाळली, "अगे बाय माजे! दार कोणी उघडल्यान?" आणि तडक चालू लागली. त्यानंतर कित्येक दिवस ती मासे घेऊन आमच्या अंगणात आली नाही, कुंपणापलीकडूनच हाक मारायची.

घरातून गाडीच्या खोलीत जायला मधे एक लहान दार आहे. त्याच्या आड मी चहा घेऊन उभी होते. त्यामुळे म्हापशेकराचे बोलणे ऐकणारी मी एकटीच. तो छताला लोंबणारी एक दोरी दाखवून म्हणाला, "लायट गेल्यार ही तांबडी दोरी ओडची." म्हणजे आकडा सुटतो आणि दार हाताने उचलता येते. पुढे तो म्हणाला की महिन्याकाठी तेल घालायचे. कसले तेल आणि कुठे, तेही त्याने नक्कीच सांगितले असणार. पण तेव्हाच चुलीवर दूध उतू गेले आणि मी धावले.

मशीनची निगा माझ्याकडे आली ती अशी. कुणी दिली नाही, मीच घेतली. आणि तेल म्हटल्यावर मला एकच तेल ठाऊक होते. आमच्या घरात विहिरीच्या रहाटाला खोबरेल, दाराच्या बिजागऱ्यांना खोबरेल, कुलपाला खोबरेल, मुलाच्या टाळूला खोबरेल आणि माझ्या केसांना खोबरेल. मग मस्कतच्या पाहुण्याने काय पाप केले होते? महिन्यातून एकदा सांगितले होते, मी दर शुक्रवारी घालायची. साखळीला घालायची, आकड्याला घालायची, दोन्ही बाजूंच्या रुळांना तर कापसाच्या बोळ्याने चोळून चोळून घालायची. लाल मुंग्यांची रांग लागली, तेव्हा मी त्यांना फुंकर मारून हाकलले आणि थोडे जास्त घातले.

मला ती खोली आवडायची. दार मिटले की अंधार आणि गारवा, आणि बघणारे कुणी नाही. मी मशीनशी बोलायची. "काय रे बाबा, आज कुरकुरतंस कित्या? तुका काय व्हया ता सांग." त्याच्याशी बोलताना माझी जीभ कुठे चिकटत नसे. मशीन कुरकुरत होते ते तेलाने चिकट झालेल्या वाळूमुळे, हे आता कळते. तेव्हा मला वाटायचे, माझ्याशीच बोलते आहे.

मग माझ्या धाकट्या नणंदेचे लग्न ठरले, आचऱ्याला. लग्न मुलाच्या घरी, माघ महिन्यात, मुहूर्त सकाळचा. त्या दिवशी दुसरा मुहूर्त नव्हता. मुलाकडची माणसे आधीच थोडी फुगलेली होती, साखरपुड्याला आमच्याकडून उशीर झाला होता म्हणून. नणंद मला रात्रभर एकच सांगत होती, "वयनी, आज उशीर झालो तर जल्मभर ऐकूचा लागात गो माका." ती माझ्याहून फार लहान नव्हती. त्या घरात मी ज्या एका माणसाशी पोटभर बोलायची, ती हीच.

सकाळी आमची सगळी माणसे लॉरीत बसून पुढे गेली. मागे राहिलो आम्ही घरचे आणि शेजारचे दोघे-तिघे. नवरी टॅक्सीतून जायची होती. टॅक्सीला झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. नवरीला न्यायला नवऱ्या मुलाचे मामा स्कूटरवरून येऊन अंगणात उभे होते आणि घड्याळ बघत होते. ह्यांनी ऐटीत बटण दाबले, आणि काही झाले नाही. पुन्हा दाबले. लाईट गेली होती.

गावात दुसरी गाडी नव्हती. सासरे ह्यांना म्हणाले, "आता बोलव तुज्या मस्कतवाल्याक." मामांनी घड्याळ पाहिले आणि आपल्या स्कूटरकडे पाहिले. नणंदेने ते माजघरातून पाहिले आणि शालूसकट खाली बसली.

बाहेर पुरुषांनी पहार आणली. दार उपटायचा बेत ठरत होता. मी सासूला हळूच म्हटले, "आई, थंय एक तांबडी दोरी आसा. ती ओढली की सुटता."

"मगे सांग मां तेंका!"

"तुमी सांगा."

"माका काय कळता दोरयेतला? तूच जा!" सासूने मला त्या लहान दारातून आत ढकलले.

आत अंधार. मी बॉनेटवर चढले, दोरी धरली आणि ओढली. हलली नाही. लोंबकळले तरी हलली नाही. वर हात लावून पाहिले, तर बोटांना पांढरे पांढरे घट्ट काहीतरी लागले. तेव्हा उमगले. माघातली थंडी होती. सकाळी न्हाणीघरातली माझी तेलाची बाटली थिजून दगड झाली होती, चुलीपाशी धरून मी ती विरघळवली होती. तेच तेल इथे आकड्यावर, रुळांवर, साखळीवर बोटबोटभर थिजून बसले होते, वाळूसकट. इतके शुक्रवार मी त्याला जेवू घातले होते, आणि लग्नाच्याच दिवशी त्याने अंग धरले होते.

बाहेर पहारेचा पहिला घाव दारावर बसला. सगळी खोली घणघणली. मला काय झाले कोण जाणे, मी ओरडले, "मारू नकात! दार मोडात!"

बाहेर पहार थांबली.

"कोण बोलता ता?" हे सासऱ्यांचे बोलणे. इतकी वर्षे मी त्यांच्या घरात होते आणि त्यांना माझा आवाज ठाऊक नव्हता.

"माजी बायल ती," हे म्हणाले.

"तिका वाचा आसा?"

त्यावर मला रागच आला. मधे दार मिटलेले होते म्हणून येऊ शकला. मी म्हणाले, "आसा! तेल थिजला हा. मी शेक देतंय. तवसर कोणी हात लावू नकात. आई, न्हाणयेतला कडत पाणी हाडा! आणि पंचो!"

सासूने नवरीच्या न्हाणाचे उरलेले पाणी बादलीने आणून दिले. मी पंचा त्यात बुडवून पिळला आणि आकड्याला गुंडाळला, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला शेकतात तसा. मग खाली उतरून दोन्ही बाजूंचे रूळ शेकले. परत वर चढले. तेल वितळून माझ्या केसांवर, चोळीवर, झेंडूच्या माळांवर ठिबकत होते. बाहेरून मामांचा आवाज आला, "वेळ होता हा."

"होवंदे!" मी म्हणाले. हे मी मुलाकडच्या माणसाला म्हणाले, हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

शेवटी दोरी ओढली, आणि आकडा खट्कन सुटला.

"सुटला!" मी ओरडले. "आता सगळ्यांनी खालसून धरा! मी सांगतंय तेवा उचला!"

आणि बाहेरून, त्या पुरुषांना काय लहर आली कोण जाणे, सगळे एकसुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"उचला!"

"व्हय म्हाराजा!"

दार वर गेले. नाटकाचा पडदा जातो तसे, एकदम. तेवढे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते, की दार उघडले की मी दिसणार. मी टॅक्सीच्या बॉनेटवर उभी, नऊवारीचा ओचा वर खोचलेला, हातात वाफाळता पंचा, केसांवरून तेल ओघळते आहे, आणि समोर उजेडात मामा, सासरे, शेजारी, कुंपणापलीकडे ती मासेवाली म्हातारी. लपायला एक खांबसुद्धा नव्हता. मी पंचाच तोंडावर घेतला. तो अजून कढत होता.

"उतर गो खाली," हे म्हणाले, "गाडी भायर काढूची आसा."

आचऱ्याला पोचलो तेव्हा भटजींनी अंतरपाट धरायला घेतला होता. नणंदेने हार हातात घेतला तेव्हा तिच्या बोटांना खोबरेलाचा वास येत होता, कारण वाटेत सगळा वेळ तिने माझा हात सोडला नव्हता. पंगतीत मामा कुणाला तरी माझ्याकडे बोट करून सांगत होते, "ती बगा, दारातली." मी तिथल्या खांबाआड गेले.

पुढच्या सुट्टीत दिरांनी ग्रीसचा डबा आणला. शुक्रवारचा माझा विधी बंद झाला, मुंग्या मात्र बरेच दिवस माझी वाट बघत येत राहिल्या.

वाटेल की मग माझी भीड चेपली. तशी काही ती चेपली नाही. समोरासमोर माझी जीभ पुन्हा टाळ्यालाच चिकटली. पण सासऱ्यांनी एक नवीनच रीत काढली. सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येत. दार आपल्या हाताने ओढून घेत. मग बाहेरून विचारत,

"गो, चाय झाली?"

"झाली."

"साखर बरी घाल. काल कमी व्हती."

"व्हय म्हाराजा," मी आतून म्हणे.

बाहेर ते खोकल्यासारखे करत. ते हसणे होते, हे मला दाराआडूनही कळायचे. मग ते दार उघडायच्या आत मी कप उंबऱ्यावर ठेवून मागे होई. चहा गरम असे.