मुकं कातडं

झटकेभाऊंच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता. होते ते नुसते गोल पांढरे डाग, देवीची लस टोचल्यावर उरतात तसे, वीस-पंचवीस तरी. पहिल्या दिवशी ते पाहून मला वाटलं, ह्या माणसाला कसलातरी त्वचारोग आहे आणि ह्याला औषधांना हात लावू देता कामा नये. मी पुण्याहून नुकताच डॉक्टर होऊन आलो होतो. असल्या गोष्टी मला फार पटकन वाटत.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. आरमोरीहून आत, जंगलाच्या वाटेवर एका ट्रस्टचा दहा खाटांचा दवाखाना होता. झटकेभाऊ तिथले कंपाउंडर. खरं नाव दामोदर, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. कधीकाळच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मागं ठेवलेली सागवानी पेटी त्यांच्या ताब्यात होती. पेटीत सेल, वर फिरवायचं बटण आणि एक काटा, दोन तारा, तारांच्या टोकांना धातूच्या चकत्या. मीठपाण्यात भिजवलेल्या कापडाच्या घड्यांवर त्या चकत्या ठेवून अंगाला बांधायच्या आणि पेटीवरची दांडी दाबायची. दाबली की करंट जायचा, सोडली की थांबायचा. नस दुखावून लुळा पडलेला स्नायू त्या झटक्यानं उडायचा. नस पुन्हा जागी होईपर्यंत स्नायू वाळू नये, एवढाच त्यातला हेतू. गावात दिव्यापुरतीही वीज नव्हती, आणि हा माणूस पेटीतून वीज काढून लोकांचे पाय हलवायचा. झटकेभाऊ हे नाव लोकांनीच ठेवलं.

त्या डागांचा उलगडा आठवड्याभरात झाला. पेटी उघडली की पहिला झटका झटकेभाऊ स्वतःच्या हातावर घ्यायचे. रोगी कुणीही असो, कालचाच असो, तरी आधी आपल्या हातावर. “काल तं हीच पेटी होती ना भाऊ?” असं कुणी म्हटलं की म्हणायचे, “पेटी तेच आहे जी, पण सेल कालचे नाईत, हवा कालची नाई, अन् मी बी कालचा नाई.” मग बटण शून्यावर आणून केसाकेसानं वर चढवायचे आणि रोग्याच्या स्नायूकडे टक लावून बसायचे. स्नायू कुठं बारीकसा फडफडला की तिथं थांबायचे. त्याच्यावर अगदी थोडं, जेमतेम, एवढंच. मी एकदा म्हटलं, इतक्या कमी करंटनं काय होणार? तर म्हणाले, “झोपल्या माणसाले हाक मारून उठवा साहेब. लाथ मारून बी उठते तो, पण मग दिवसभर आपल्याले शिव्या देते.”

दुसरी खोड म्हणजे प्रश्न. “अंगात लोखंड आहे का?” हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत. पैंजण, वाळे, कमरेची किल्ली, बायकांच्या पायांतली घट्ट बसलेली जोडवी, सगळं काढायला लावत. काही वेळा अर्धा तास साबण लावून जोडवी काढण्यातच जाई आणि बाहेर रांग खोळंबे. माझ्या कपाळाला आठ्या पडत. “लोखंड करंटले वढते साहेब. जिथी लोखंड तिथी सारी गर्दी.” मग लोट्यात गरम पाणी आणि दुसऱ्या लोट्यात गार घेऊन, रोग्याचे डोळे मिटवून, कुठं कळतं आणि कुठं कळत नाही ते पाहत. जिथं कळत नसे त्या जागेला ते ‘मुकं कातडं’ म्हणत. “ज्याले लागते तो वरडते. त्याचं मले भेव नाई. मुक्या कातड्याचं भेव. ते जळून जाईन, पण सांगन नाई.” अशा जागी ते दर दोन मिनिटांनी घडी उचलून कातडी पाहत, बोटानं दाबत.

तिसरी खोड मात्र मला चीड आणायची. थोडे झटके दिले की ते तारा उलट करत. ह्या टोकाची त्या टोकाला, त्या टोकाची ह्याला, आणि तितकेच झटके पुन्हा. मी विचारलं, कुठल्या पुस्तकात आहे हे? त्यांनी हाताची बाही वर केली. “हे पाहा. ह्या डागाच्या वेळी तार एकाच बाजूनं ठेवली होती. फोड आला. इथी उलटसुलट केली, नाई आला. दिला तेवढा वापस घ्या लागते साहेब. अंगात ठेवून द्याची चीज नोहे ते.” पुस्तकात लिहिलं होतं की लुळ्या स्नायूवर ऋण टोक ठेवावं आणि झटका लांब द्यावा. पुस्तकात तारा उलट करण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यामुळं मी ठरवून टाकलं की ही दृष्ट काढण्यासारखी समजूत आहे, आणि हसलो. चौथी नापास कंपाउंडर मला वीज शिकवतो म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असंही मी दवाखान्यात चारचौघांत बोललो. त्यांनी ऐकलं. घड्या धुवायला निघून गेले.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मैनाबाई आली. जंगलातल्या गावची, तिशीतली, बरोबर नवरा सोमा. तिचा उजवा पाय घोट्यातून लोंबत होता. चालताना पंजा जमिनीवर घासायचा. सोमानं सांगितलं, बांबूच्या खुंटावर पडली. पुढं महिन्या-दीड महिन्यात धानाची रोवणी होती. चिखलातून पाय उचलता आला नाही तर बाई रोवणीला उभी राहू शकत नाही, आणि त्या घरात रोवणारे हात दोनच माणसांचे. “पाय उचलन ना जी?” एवढं एकच ती विचारायची.

झटकेभाऊंनी तिला प्रश्न विचारला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, “नाई जी. लोखंड कुठून असन अंगात?” झटकेभाऊ तिच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पाहत राहिले. त्या भागातल्या बायकांच्या पायांवर गोंदण असतंच. पण तिचं बाकीचं गोंदण जुनं, फिकं हिरवं, आणि गुडघ्याजवळचे पाच-सहा ठिपके काळेभोर.

“बाई, हे नवं काऊन गोंदलं?”

“हौस म्हून,” सोमाच बोलला.

त्या दिवशी त्यांनी अगदी कमी करंट दिला, दर मिनिटाला कातडी पाहत. संध्याकाळी मला म्हणाले, “साहेब, त्या गोंदणाखाली काही तरी लपवून राह्यले ते. अन् जागा बी मुकी आहे. मी जास्त नाई देत.” मी म्हटलं, गोंदणावरून निदान करण्याइतकं माझं शिक्षण झालेलं नाही. हे वाक्य तेव्हा मला फार चुरचुरीत वाटलं होतं.

मग एक दिवस ट्रस्टचे अध्यक्ष नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना दवाखाना दाखवायला घेऊन आले. त्या मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली जागा मिळावी म्हणून मी वर्षभर पत्रं लिहीत होतो. त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे होतं काय? तर मैनाबाईचा पाय. मी तिला टेबलावर बसवलं, घाईत चारच घड्या बांधल्या आणि बटण स्वतःच्या हातात घेतलं. आधी आपल्या हातावर वगैरे काही नाही. पाहुण्यांसमोर ते बावळटपणाचं दिसलं असतं. झटक्याला पंजा फडफडला, पण उचलला नाही. मी बटण फिरवलं. अजून फिरवलं. दांडी दाबून धरली. आणि पंजा उचलला गेला, चांगला चार बोटं वर.

“उचलला जी! उचलला!” मैनाबाई ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा दाबलं, पुन्हा उचलला. पाहुण्यांना मी पुस्तकातलं सगळं समजावून सांगत होतो आणि माझा हात दांडीवर होता. झटकेभाऊ माझ्या कानाशी आले. “साहेब, घडी उचलून पाहू द्या. एकडाव उलट तरी करू द्या.” मी “नंतर” म्हटलं. त्यांनी तारेकडे हात नेला. मी तो हात सगळ्यांदेखत बाजूला सारला. पाव तास गेला असेल. मैनाबाई सगळा वेळ हसत होती. तिला काहीच लागत नव्हतं.

घडी उचलली तेव्हा गोंदणाच्या जागी रुपयाएवढा पांढरा, कडक चट्टा होता. दोन दिवसांत तो काळा पडला. मग ती जागा सुटून पडायला लागली आणि आत खोल जखम झाली.

दहाव्या दिवशी जखम धुताना माझा चिमटा कशाला तरी लागून टक्कन वाजला. झटकेभाऊंनी वाकून ते बोटांत घेतलं. बंदुकीचा छर्रा. सोमानं माझे पाय धरले. मागच्या हंगामात धानाच्या बांदीत, म्हणजे खाचरात, डुक्कर आलं म्हणून त्यानं ठासणीची भरमार बंदूक उडवली होती आणि छर्रे बायकोलाच लागले. बंदुकीला परवाना नव्हता. जंगलखात्याच्या नाकेदाराला कळलं असतं तर शिकारीची केस, म्हणून छर्ऱ्यांच्या खुणांवर गोंदवून घेतलं. झटकेभाऊंनी छर्रा मुठीत दाबला. दारातून मलमपट्टी करणारा ड्रेसर डोकावून विचारत होता काय निघालं. “बाभळीचा काटा,” म्हणाले.

बाई जळाली ही बातमी ट्रस्टपर्यंत गेलीच. चौकशी बसली. अध्यक्षांनी मला विचारलं, पेटी कुणाच्या ताब्यात असते? मी म्हटलं, कंपाउंडरच्या. विचारलं, घड्या कोण भिजवतो? कंपाउंडर. करंट देताना कातडी तपासणं कुणाचं काम? कंपाउंडरचं. ह्यातला शब्द न् शब्द खरा होता. अध्यक्ष त्या दिवशी स्वतः समोर उभे होते, टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या, पण त्यांनाही तो दिवस आठवेना. मग त्यांनी झटकेभाऊंना विचारलं, तुला काही सांगायचं आहे?

त्यांच्याजवळ सांगण्यासारखं केवढं होतं! तो छर्रा त्यांच्या बंडीच्या खिशात होता, मला माहीत होतं. नुसता टेबलावर ठेवला असता तरी पुरे होतं. मी खाली मान घालून त्या खिशाकडे पाहत बसलो होतो. ते म्हणाले, “माझ्या हातून झालं जी.”

बाहेर आल्यावर मी विचारलं, का बोलला नाहीत? मी विचारलं, ह्याचीच मला आज लाज वाटते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “सोमाले धरून नेलं तं तिचा पाय कोण धुईन? रोवणा कोण करन? तिचं कातडं मुकं आहे साहेब. कोणी तरी तिच्या बाजूनं असा लागते.” मग म्हणाले, “तुमचं तोंड तं मुकं नोहोतं.”

त्यांना काढून टाकलं. ते पोंभुर्ण्याकडच्या आपल्या गावी गेले. जाताना पेटी पुसून कपाटात ठेवली, घड्या धुऊन वाळवून वर रचल्या आणि मला सांगितलं, “आठ घड्या ठेवजा, चार नाई. अन् पह्यले आपल्या हाताले लावजा.” हात जोडून नमस्कार केला, बैलगाडीत बसले. मी फाटकापर्यंत गेलो नाही.

त्यानंतर एका दुपारी खोलीचं दार लावून मी ती पेटी उघडली. चकती माझ्या डाव्या हातावर बांधली आणि मैनाबाईला ठेवलं होतं तिथं काटा आणून दांडी दाबली. पाचपर्यंतही मोजू शकलो नाही. माझं कातडं मुकं नव्हतं. मैनाबाईची जखम तीन महिन्यांनी भरली, पाय कायमचा लोंबता राहिला. त्या वर्षी तिनं बांधावर बसून नुसत्या धानाच्या रोपांच्या पेंढ्या दिल्या, असं सोमा सांगत होता. तिनं मला कधी दोष दिला नाही. तिच्या लेखी मी तिचा पाय एकदा उचलून दाखवलेला डॉक्टर होतो. मला नागपूरची जागा मिळाली. झटकेभाऊ वारल्याचं मला तिथं कळलं, तेही कुणीतरी दुसरंच काही सांगताना.

आता माझ्या छातीत कातडीखाली एक पेटी आहे. काडेपेटीहून लहान. माझं हृदय मधेच ठोका विसरतं, तेव्हा ती त्याला झटका देते. सहा महिन्यांनी तपासायला जातो. तिथली मुलगी माझ्या नातीच्या वयाची आहे. ती आधी करंट कमी कमी करत नेते, ठोका चुकला की तिथं थांबते, मग त्याच्यावर थोडं ठेवते. मागच्या खेपेला ती हे करत असताना मी तिला म्हटलं, “दिला तेवढा परत घेते का ही पेटी?”

तिनं वर पाहिलं. “हो काका. प्रत्येक झटक्यानंतर तेवढाच उलटा. नाहीतर तारेच्या टोकाशी आतलं मांस खराब होतं. पण हे पेशंट कधी विचारत नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी शर्टाची बटणं लावत होतो. नाव ओठांवर होतं.

“वाचलं होतं कुठंतरी,” मी म्हणालो.