सव्वा तासाची लाइट

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले आणि उरलेले निमगाव केतकीच्या दोन एकरांत. त्यामुळे कुणाविषयी लिहिण्याचा मला अधिकार आहे का, याची खात्री वाटत नाही. काही चुकले तर सांभाळून घ्यावे. पण बारामतीत ज्यांच्या घरी मी दोन वर्षे भाड्याने राहिलो, त्या वायरमन तात्यांविषयी मी नाही लिहिले तर दुसरे कुणी लिहील असे वाटत नाही.

विजेच्या तारेवर चोरून टाकलेला आकडा दिसला की तात्यांना राहवत नसे. निवृत्त होऊन वर्ष झाले तरी रस्त्याने चालताना त्यांची मान वरच असायची, आणि त्यापायी ते दोनदा गटारात पडले होते. एका लग्नात भर पंगतीतून उठून त्यांनी मांडवाचा आकडा काढला, आणि मग अंधारात चाचपडत पानावर परत येऊन बसले. "वाढा आता," म्हणाले, "जिलेबीला उजेड कशाला लागतो?"

अशा माणसाने निवृत्तीच्या पैशातून कॉम्प्युटर घेतला, तेव्हा गल्लीला वाटले, म्हातारा बिघडला. पण कारण वेगळे होते. मुलीच्या, सुमनताईच्या लग्नानंतर वर्षभरातच काकू, म्हणजे तात्यांची बायको, गेल्या होत्या. आता सुमनताईला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण माहेरी आईच नाही, म्हणून ती सोलापूरला सासरीच राहिली होती. तिने पत्रात एवढेच लिहिले होते, 'तात्या, आईला एकदा हलताना-बोलताना बघायचंय.' काकू हलत-बोलत होत्या त्या फक्त लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये, आणि त्या कॅसेटला बुरशी धरत चालली होती. सोलापूरला सीडी लावायची सोय होती. म्हणून त्या चित्रीकरणाची सीडी करायची, एवढ्यासाठी हा सगळा संसार.

पुण्याच्या पुतण्याने कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवून दिली. ती डिस्क घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तात्या एसटीने आले. कंडक्टरने विचारले, "तान्हं बाळ हाय व्हय?" तात्या म्हणाले, "व्हय. ड्रायव्हरला म्हणावं, खड्डं बघून चालव."

मग प्रश्न आला प्रोग्रॅमचा. चौकातल्या कॉम्प्युटर क्लासचा पोरगा म्हणाला, "तात्या, भारीतला प्रोग्रॅम टाकतो. कुलूप तोडलेला हाय, समदे तोच वापरत्यात."

"म्हंजी चोरीचा?"

"तसं न्हाय ओ..."

"तसंच हाय. जल्मभर लोकांचे आकडे काढले, आता मी आकडा टाकू व्हय?"

त्यानंतर तात्या फक्त फुकटचे प्रोग्रॅम शोधू लागले. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर जी सीडी मिळायची, तिच्यात ते असत. पहिला प्रोग्रॅम आठवडाभरच फुकट होता. आठव्या दिवशी तो पैसे मागू लागला, तसे तात्यांनी त्याला "चल, नीघ" म्हणून काढून टाकले. दुसरा फुकट होता, पण सगळ्या चित्रावर आडवे आपल्या कंपनीचे नाव उमटवायचा. "माझ्या मंडळीच्या कपाळावर परक्याचं नाव?" तात्या इतके चिडले की दोन दिवस त्यांनी मॉनिटरवर टॉवेल टाकून ठेवला. तिसरा दिसायला अगदी दरिद्री होता, पण खरोखर फुकट होता.

त्याचे इंग्रजी वाचायचे काम माझ्याकडे. "ए कॉलेज, काय म्हणतंय ते?" असे ते विचारायचे आणि मला घाम फुटायचा. मी डिक्शनरी घेऊन बसायचो, पण तसे कबूल करायचा धीर होत नसे.

चित्रीकरण तीन तासांचे, आणि सीडीत मावणार चौऱ्याहत्तर मिनिटे. तात्यांनी पुढाऱ्यांची भाषणे सरळ कापली. "ह्यांनी भाषणं केली, लगीन तर पोरीच्या आयनं उरकलं." पुढे स्वतःही कापले गेले. मी थांबवले तर म्हणाले, "मी काय, अजून हाय की." एवढे करूनही आठ मिनिटे त्यांनी मोकळी राखली.

शेवटी प्रोग्रॅमने विचारले, सीडी बंद करू का? एकदा बंद केली की पुन्हा काही भरता येणार नव्हते. मी तसे सांगितले. तात्या म्हणाले, "बंद कशाला? बाळाचं बारसं त्यातच टाकू की. जागा हाय." मलाही ते पटले. मी 'नाही' दाबले.

सोलापूरला ती सीडी लागलीच नाही. सुमनताईच्या सासूने अर्धी गल्ली बोलावली होती, चहा केला होता, आणि पडदा निळाच्या निळा राहिला. उघडी सीडी तिथल्या मशीनला वाचता येत नाही, हे मला डिक्शनरीत सापडले नव्हते. सोलापूरहून हे कळले, तेव्हा मी मान खाली घालून उभा राहिलो. तात्या एवढेच म्हणाले, "बंद केल्याबिगर लागत न्हाय, असं हाय तर ते." मग राखलेल्या आठ मिनिटांत त्यांनी आचाऱ्यावर ओरडणाऱ्या काकू भरल्या.

कोरी सीडी एकच उरली होती. जावई बारामतीत आले होते आणि दोनच्या एसटीने परत जाणार होते. सुमनताईचे दिवस भरत आले होते. जुळवाजुळव होईपर्यंत अकरा वाजत आले होते. सीडी भाजायला, म्हणजे तिच्यात चित्र भरायला, सव्वा तास लागायचा, आणि भारनियमनात अकरालाच आमच्या भागाची लाइट जायची पाळी होती. मध्येच लाइट गेली की सीडी वाया. तात्या कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर जाऊन आले. चेहरा उतरलेला होता. "आज लाइट जाणार न्हाय," म्हणाले. मला वाटले, वायरमनला कळत असेल.

मग सव्वा तास घरात कुणी हलायचे नाही, असा हुकूम झाला. मी कॉटवर पाय वर घेऊन बसलो. तेवढ्यात शेजारच्या आक्का साखरेला आल्या.

"आक्का, हाय तितंच थांबा! धक्का बसंल."

आक्का वाटी पुढे धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "कुणाचं काय झालंय?"

"आमची मंडळी निघालीय सोलापूरला."

आक्कांनी वाटी खाली घेतली आणि त्याही तिथेच उंबऱ्यावर बसल्या. लाइट गेली नाही. जावयांनी सीडी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी बूथवर फोन आला. सुमनताई आधी रडली, मग हसत म्हणाली, "तात्या, आई आचाऱ्याला काय बोलतीय ओ!"

पण मला आठवतो तो मधला दिवस. सीडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बरोबर अकरा वाजता तात्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला आणि घड्याळ हातात घेऊन उंबऱ्यावर बसले. एप्रिलचे ऊन, माझी परीक्षा तोंडावर, पंखा बंद.

"तात्या, काय बिघडलंय?"

"काय न्हाय. बस गप."

सव्वाबाराला त्यांनी स्विच वर केला. मी मनातून वैतागलो होतो, ते इथे कबूल करतो.

पुढे नात झाली आणि तात्या घराला कुलूप लावून सोलापूरला गेले ते तिकडचेच झाले. मी दुसरी खोली घेतली. गेल्या महिन्यात इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या सबस्टेशनचे एक ऑपरेटर भेटले. तात्यांचे नाव काढताच हसायला लागले.

"तीस वर्षांत एकदाच त्यांनी मला काम सांगितलं. सव्वा तास माझी लाइन चालू ठेव, म्हणाले. मी ठिवली, आन् तुमची पाळी टाकली सांगवी गावावर. दुसऱ्या दिवशी परत फोन. 'एकदाच आकडा टाकला बघ, आता काढायला लागलोय. अकरापासनं माझं घर बंद ठेवतोय, तेवढी सांगवीला दे.' आता एका घराचा पंखा सांगवीला कसा पाठवू ओ मी? तरी म्हणलं, देतो तात्या."