गांजानं कुणी मरत नाही म्हणे

वडिलांचा, आप्पांचा फोन आला तेव्हा मी सांगलीतल्या माझ्या शाळेत शिकवून निघाले होते. “सुहास गेला गं...” एवढंच बोलले. कुणीतरी मारायला येतंय म्हणत माझा धाकटा भाऊ भरदुपारी उसातून पळत सुटला आणि थेट विहिरीत पडला. दहाव्याला त्याचा एक मित्र मलाच समजावत होता, “ताई, गांजानं कुणी मरत न्हाई. झाडपाला हाय त्यो.” महिना होत आला, तरी ते वाक्य आठवलं की माझं डोकं फिरतं. मग मेला कोण?

सुहास भारी नकला करायचा. माझी तर वर्गात शिरल्यापासूनची. पाचगणीला हॉटेलात कामाला गेला आणि तिथं शीण घालवायला म्हणून ओढायला लागला. गावी, कुंडलला परतला तो गप्प होऊन. शेजारी आपल्याबद्दलच बोलतात म्हणायचा, जेवणात काहीतरी घातलंय म्हणायचा. घरच्यांनी बाहेरचं समजून लिंबू उतरवले. मी त्याला उचलून सांगलीला आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सगळ्यांना नाही होत, पण काहींचा मेंदू गांजानं असा बिघडतो. पुन्हा शिवायचं नाही आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. त्यानं ऐकलं. दिवाळीत माझी नक्कल करून आईला पोट धरून हसवलं...

मग सुहासला कडेगावचं स्थळ आलं. आत्या म्हणाली, “पाव्हण्यांच्या नजरंला गोळ्या पडल्या तर? चार दिस बंद ठेवा.” फौजेत जन्म काढलेल्या आप्पांनी हा हुकूमही पाळला. मला कुणी विचारलं नाही. आत्या स्वतः त्याच पाहुण्यांसमोर बीपीची गोळी थाटात घेत होती. रक्तदाबाची लाज नाही, डोक्याच्या आजाराची मात्र लाज. पाहुण्यांचा होकार लांबला तसे ते चार दिवसही लांबले. सुहासची झोप उडाली. तेव्हा त्याच मित्रानं “ओढ रं, थंड व्हशील” म्हणत पुन्हा हातात चिलीम दिली. डॉक्टरांचं सगळ्यांनी ऐकलं होतं, पाळलं कुणीच नाही. मला या सगळ्यांचा राग येतो आणि तो मला आवरायचाही नाही.

परवा घरी गेले तर टीव्हीची वायर काढलेली. बातम्या देणारी बाई आपलंच नाव घेते म्हणून शेवटी शेवटी सुहासनं ती उपटली होती. मी जोडायला वाकले, तर आईनं हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्याला तरास व्हतो.”