तेवीस ढिगल्या

हिशोब तपासायला आलेल्या माणसाला कुणी आनंदानं चहा पाजत नाही. पाजलाच तर त्यात साखर जास्त असते, आणि साखर जास्त लागली की मी आधी कीर्दीची पानं उलटायला घेतो. तीस वर्षं परभणी जिल्ह्यातल्या सोसायट्यांची दप्तरं तपासली. त्यात माझा स्वभाव तिखट झाला असं बायको म्हणते, आणि तिचं खरं आहे. सूर्यभान वाव्हळेची हकीकत सांगताना मात्र त्यातला थोडा तिखटपणा मला स्वतःवरच खर्च करावा लागणार आहे.

सूर्यभान सेलूच्या एका जिनिंगमध्ये हमाली करायचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जळालं, तेव्हा हा तेरा-चौदा वर्षांचा होता. आईबापांबरोबर सेलूला आला, दिवसा काम करून दहावी पास झाला. गणितात एकाहत्तर मार्क पडले. त्या मार्कांचं पुढं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तो टोळीत शिरला आणि पाठीवर कापूस वाहू लागला.

टोळी बारा जणांची, तीत सगळ्या जातीची माणसं. बाहेर मोर्चे निघत, दगड पडत. टोळीतही दोन-दोन दिवस अबोला असे. पण पावणेदोनशे किलोची गाठ चौघांनी मिळून धरल्याशिवाय जागची हलत नाही, त्यामुळं अबोला फार टिकत नसे. मुकादम होते भुजंगबुवा. साठीचे, अंगठाबहाद्दर, आणि आवाज असा की जिनिंगचं यंत्र चालू असताना रस्त्यापर्यंत ऐकू जावा.

या टोळीत एक रिवाज होता, बसवाटा. कामावर जायबंदी झालेला माणूस घरी बसला तरी रोजच्या कमाईतला अर्धा वाटा त्याच्या घरी जायचा, तो कमवायला लागेपर्यंत. कुठं लिहिलेलं नव्हतं, ठराव नव्हता. बुवांच्या आधीच्या मुकादमाच्या काळापासून चालत आलं होतं.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर थप्पीवरून एक गाठ घसरली आणि सूर्यभानचा उजवा पाय घोट्याजवळ मोडला. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वजन नाही, आणि पुढंही उचलशील असं वाटत नाही. त्याची बायको चांगुणाबाई जिनिंगमध्येच कापूस निवडायला जायची. तिचा रोज आणि हा बसवाटा यांवर चौघांचं घर चाललं.

आणि नेमका त्याच हंगामात मी हमाल सोसायटीची तपासणी करायला गेलो. भुजंगबुवांच्या टोळीच्या हजेरीपत्रकावर अकरा माणसं आणि पैसे वाटलेत बारा जणांना! माझं डोकं तापलं. मी लाल शाईनं लिहिलं, "हजेरी नसलेल्या इसमास मजुरी अदा. आक्षेप." अध्यक्ष किशनराव घाबरट गृहस्थ. त्यांनी लगेच औरंगाबादहून कॉम्प्युटरचा हिशोबी प्रोग्रॅम विकणारा माणूस बोलावला. कॉम्प्युटर सोसायटीकडं होताच, एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या लिलावातून स्वस्तात उचललेला, आणि त्याच्यावर कापड टाकून ठेवलं होतं. प्रोग्रॅमची किंमत अकरा हजार.

"बसवाट्याचं कसं करायचं?" किशनरावांनी विचारलं.

"गैरहजर म्हणजे शून्य," तो म्हणाला. "प्रोग्रॅम तसाच आहे."

"आतून बदलता येतो का?"

"आत काय आहे ते आम्हालासुद्धा दिसत नाही, साहेब. कंपनीचं कुलूप आहे."

मला तो प्रोग्रॅम सख्ख्या भावासारखा वाटला. किशनरावांनी सांगून टाकलं, महिन्याभरानं सर्वसाधारण सभा घेऊ, खरेदीचा ठराव करू आणि बसवाटा बंद. सूर्यभान कुबडी टेकून दारात उभा होता. घरातला अर्धा पैसा जाणार हे त्याला तिथंच कळलं. तेवढ्यात मीच बोललो. मला गप्प बसवत नाही.

"परभणीत एक निवृत्त गणितमास्तर असला प्रोग्रॅम फुकट वाटतो म्हणे," मी हसत म्हणालो. "पोखर्णीच्या दूध केंद्रावर पाहिला मी. फुकटचं ते पौष्टिक! आणा तो, आणि घाला त्यात तुमचा बसवाटा."

मी टिंगल केली होती. त्यानं पत्ता विचारला.

पुढच्या रविवारी प्लास्टर घातलेला पाय घेऊन तो रेल्वेनं परभणीला गेला. दिनकरराव मास्तरांनी आपल्या घरबांधणी सोसायटीसाठी तो प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. मागेल त्याला ते फ्लॉपीवर उतरवून देत, आणि बरोबर छापील कागदांची चळतही देत. प्रोग्रॅममधली ओळ न् ओळ त्या कागदांवर होती, काही म्हणजे काही झाकलेलं नाही. अट एवढीच, की वापरा, उघडून बघा, हवं तसं बदला, दुसऱ्यालाही फुकट द्या, आणि काय बदललं ते लपवू नका.

सूर्यभाननं खिशातून वीस रुपये काढले तर मास्तर रागावले. "शिकवणीचे पैसे मी आयुष्यभर घेतले नाहीत, आता म्हातारपणी बिघडू काय?" म्हणाले, आणि जेवायला वाढलं. तीन रविवार त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं ती चळत वाचली. एकाहत्तर मार्क उपयोगाला आले. ही ओळ बेरीज करते, ही पुढच्या खात्यावर उडी मारते, ही छापायला सांगते, असं करत करत त्याला ते यंत्र पोटातून दिसायला लागलं. त्याच टेबलावर लोकांची पोस्टकार्डंही पडलेली असत. पोखर्णीच्या दूध केंद्राला दर दहा दिवसांनी पैसे द्यायचे असतात, त्यांनी महिन्याचे तीन तुकडे करून घेतले होते. वालूरच्या एका खतदुकानदारानं त्यात पोत्यांचा साठा बसवला होता आणि लिहिलं होतं, "मास्तर, पहिल्यांदा माझी रोकड आणि माझी बायको दोघांचं एकमत झालं." सूर्यभान ती कार्डं पुन्हा पुन्हा वाचायचा. आपल्यासारख्याच माणसांनी हे केलंय, यानं त्याला जो धीर आला तो मास्तरांच्या शिकवण्यानंही आला नसता, असं तो नंतर मला म्हणाला.

मधल्या दिवसांत तो सोसायटीच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढून बसू लागला. चांगुणाबाई दुपारच्या सुट्टीत भाकरी घेऊन यायची आणि पडद्याकडं संशयानं बघायची. "ह्याच्यात आपला वाटा हाय व्हय?" तिनं एकदा विचारलं. "घालायलोय," तो म्हणाला.

सभा आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी भरली. सोसायटीच्या तिन्ही टोळ्यांचे हमाल, निवडणाऱ्या बाया, सगळे जिनिंगच्या ओट्यावर बसले. माझ्या आक्षेपाचं काय होतं ते बघायला मीही आलो होतो. किशनरावांनी अकरा हजारांचा ठराव वाचायला घेतला तेव्हा सूर्यभान उठला आणि म्हणाला, "अध्यक्षसाहेब, फुकटातला तयार हाय. आधी बघा तर खरं." कॉम्प्युटर आणि छपाईयंत्र त्यानं ओट्यावर आणवलं होतं आणि त्या आठवड्याची सगळी मजुरी त्यात घातलेली होती. छपाईयंत्र करकरत चाललं, कागद बाहेर आला. टोळीवार, माणूसवार, दिवसवार हिशोब. जे लिहायला कारकुनाला दोन दिवस लागत ते पाच मिनिटांत झालं होतं. बाया उठून बघायला आल्या. मी कागद हिसकून घेतला आणि बेरजा तपासल्या. एकही चूक नव्हती, याचा मला फार राग आला.

मग मला बाराव्या ओळीवर सूर्यभानचं नाव दिसलं, पुढं 'बसवाटा'.

"हे बघा!" मी ओरडलो. "ज्याला वाटा मिळायचा त्यानंच तो लिहायचा? चोराच्या हाती किल्ल्या!"

तो शब्द मी वापरायला नको होता. चांगुणाबाई ताडकन उभी राहिली, पण सूर्यभाननं तिला हातानं थांबवलं. त्यानं छापील चळतीतलं एक पान काढलं आणि माझ्यापुढं नाही, हमालांपुढं धरलं.

"किल्ली माझ्याकडं न्हाई. ह्याला कुलूपच न्हाई," तो म्हणाला. "मी काय लिवलंय ते वाचून दावतो. चुकलं तर सांगा. ह्यात लिवलंय, दिवसाच्या कमाईला बारानं भागायचं. त्याचा अर्धा बसलेल्याला. उरलं ते अकरा जणांत सारखं."

"थांब," भुजंगबुवा म्हणाले. "मंगळवारची कमाई किती?"

"दोनशे शहात्तर."

"तुला किती आले?"

"साडेअकरा."

बुवा उठले. बाजूच्या ढिगातून त्यांनी मूठभर सरक्या घेतल्या आणि फरशीवर मांडू लागले. "आमी वाटे मांडत न्हाई, ढिगल्या मांडतो. कामावरल्याला दोन ढिगल्या. बसलेल्याला एक. अकरा दुणे बावीस, अन् एक, तेवीस. दोनशे शहात्तराच्या तेवीस ढिगल्या केल्या की एकेकीत बारा रुपये. तुला बारा पायजेत. साडेअकरा कुठून काढले?"

मी मनात भागाकार केला. मग खिशातल्या कागदावर केला. तेवीस बारे दोनशे शहात्तर. अंगठा उठवणाऱ्या माणसानं कॉम्प्युटरची चूक पकडली होती, आणि मी, सरकारमान्य तपासनीस, बेरजा बघत बसलो होतो.

सूर्यभान मान खाली घालून उभा होता. "ठावं होतं, बुवा," तो हळू म्हणाला. "म्या मुद्दाम कमी धरलं. म्हणलं, कुणी उद्या म्हणाया नको, सोत्ताचं सोत्ता लिवून घेतलं."

"म्हंजी आमचा रिवाज खोटा पाडायलास व्हय?" बुवांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "जास्त घेणारा चोर, अन् कमी घेणारा लय शहाणा? बसवाटा भीक हाय का तुला सोडून द्यायला? उद्या माझा पाय मोडला तर मला बी साडेअकराच देशील! दुरुस्त कर. आत्ता. सगळ्यांम्होरं."

आणि त्यानं केलं. तो यंत्रापुढं बसला, ती ओळ पडद्यावर आणली, मोठ्यानं वाचली, खोडली. कामावरल्याला दोन, बसलेल्याला एक. पुन्हा छपाई झाली. बुवांनी सहाही दिवसांच्या ढिगल्या सरक्यांवर करून घेतल्या आणि कागदावरचा आकडा वाचून दाखवायला लावला. सहाही वेळा जुळला. सहाव्या वेळेला ओट्यावर अशा टाळ्या पडल्या की आवारातले गाड्यांचे बैल बुजले. औरंगाबादच्या प्रोग्रॅमचा ठराव कुणी मांडला नाही. किशनरावांनी तो घडी घालून खिशात ठेवला. त्याऐवजी दोन ठराव झाले. बसवाट्याचा रिवाज सोसायटीच्या नियमांत लिहायचा, आणि सूर्यभान वाव्हळेला पगारी कारकून नेमायचं.

मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला सभेत बोलायला जड गेलं. "मघाचा शब्द मी मागं घेतो," म्हणालो. "आक्षेपही मागं घेतो. नियमात आलं, आता माझं काही म्हणणं नाही." बुवा म्हणाले, "साहेबाला च्या पाजा." साखर बेताची होती.

सूर्यभाननं मास्तरांना बसवाट्याची ओळ पाठवली. वर्षभरात मानवतच्या आणि जिंतूरच्या हमालांनी ती मागवून नेली. कुणी त्यात बाळंतिणीचा वाटा घातला, तो सेलूच्या बायांनी परत मागवून आपल्याकडं बसवला. फुकटच्या वस्तूचं एवढं कौतुक मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच हंगामातल्या मार्चचं. वर्षअखेरीला मी पुन्हा तपासणीला गेलो आणि मार्चच्या पहिल्याच आठवड्याच्या कागदावर थबकलो. बारावी ओळ, सूर्यभान वाव्हळे, बसवाटा, शून्य. माझं डोकं पुन्हा तापलं, या वेळी त्याच्या बाजूनं.

"कुणी बंद केला हा?" मी किशनरावांवर ओरडलो. "नियमात आहे ना?"

"नियमानंच बंद झालाय, साहेब," यंत्रामागून सूर्यभान म्हणाला. कुबडी दिसत नव्हती. लंगडत उठला, कागद माझ्या हातातून घेतला आणि तारखेवर बोट ठेवलं. "रिवाज काय हाय? माणूस कमवायला लागेपर्यंत. मला एक तारखेला पहिला पगार झाला. त्या दिवशीच मी माझ्या हातानं शून्य टाकलं."

मी ते पगारपत्रकाशी ताडून पाहिलं. तारीख बरोबर होती.