न जुळलेली पत्रिका

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण... खरं तर कारण काही नाही. आठ वर्षं गिळून बसलोय, आता गिळवत नाही, एवढंच.

नेकनूरच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथं शाळामास्तर आणि गॅदरिंगची नाटुकली लिहिणारा हौशी माणूस. आठ वर्षांमागं एका वाहिनीसाठी आमच्याकडं टेलिफिल्म झाली. एकाहत्तरच्या लढाईत गेलेला आमच्या गावचा दत्ता, आणि त्याचं प्रेम. दत्ता माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. दिग्दर्शिका मेघाताई मुंबईच्या. त्याचं कुणा मुलीवर प्रेम होतं, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. ती कोण ते शोधायचं आणि संवाद आमच्या बोलीत लिहायचे, हे काम माझ्याकडं आलं. मी हुरळलो. मास्तरला कोण विचारतं एरवी?

शोधायचं काय होतं त्यात? अख्ख्या गावाला माहीत होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं. शेवंतामावशी — बौद्धवाड्यातल्या. पासष्टी ओलांडलेल्या. पुढं त्यांचं लग्न झालं, नवरा वारला, आता नातीबरोबर राहतात. आधी त्या बोलायलाच तयार नव्हत्या, मग चार दुपारी बोलत राहिल्या. सुट्टी संपवून जाताना दत्ता ट्रंक घेऊन, दिवसाढवळ्या, साऱ्या गावादेखत त्यांच्या दारात आला होता. त्यांच्या वडिलांना त्यानं जय भीम केला. माठातलं पाणी मागून प्यायला. म्हणाला, परत आलो की मागणी घालायला येतो. त्या काळात, आमच्या भावकीतल्या पोरानं! मी ऐकतच राहिलो.

"तेवढं पानी दाखवा, मास्तर," मावशी म्हणाल्या. "बाकी काय बी दाखवा. लोक म्हन्तेत, त्यानं नुस्ता नाद केलता. तो तसा न्हवता."

मी हो म्हणालो. नातीच्या देखत शब्द दिला.

आता सांगायलाच हवं. कितीही आडवळणानं गेलो तरी येऊन तिथंच पोचतोय.

दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या लॉजवर मेघाताई वही उघडून बसल्या. मी तोंड उघडलं — आणि मला आबा दिसले. दत्ताचे धाकटे भाऊ, भावकीतलं मोठं माणूस. शूटिंग त्यांच्याच शेतात ठरलं होतं. तुम्हाला वाटेल, आबांनी दम दिला असेल. नाही हो. त्यांनी मला साधं विचारलंही नव्हतं. धमकी नाही, निरोप नाही, काही नाही. मीच मनातल्या मनात त्यांचा चेहरा बघितला आणि मीच गर्भगळीत झालो. म्हणालो, "मुलगी आमच्याच पाव्हण्यांतली होती, ताई. पत्रिका जुळत नव्हती म्हणून लग्न लांबलं."

पत्रिका! कुठून सुचली? एवढी सफाई माझ्या एकाही नाटुकल्यात नव्हती.

मेघाताईंनी दोनदा विचारलं. "सर, नक्की ना? कुणावर अन्याय नको व्हायला." मी म्हणालो, नक्की.

मग त्या माणसांनी माझ्या खोट्यावर जीव तोडून मेहनत घेतली. ओढ्याच्या कोरड्या पात्रात लढाई झाली; आमच्या गावची चार पोरं सैनिक होऊन गुडघे फुटेस्तोवर लोळली. निरोपाचा प्रसंग सात वेळा घेतला. दत्ता पाव्हण्यांच्या ओसरीवर रामराम घालतो आणि ज्योतिषीबुवा मान हलवतात — हे मी लिहिलेलं. नायिकेचं काम करणारी पोरगी खरंच रडली. कॅमेरावाला मला म्हणाला, मास्तर, तुमच्या मातीत काय माणसं होऊन गेली! मी मान डोलावली. सांगा, डोलावणार नाही तर काय करणार होतो?

टेलिफिल्म लागली त्या संध्याकाळी मावशींनी सगळा बौद्धवाडा गोळा केला होता. टीव्ही बाहेर अंगणात मांडला होता. मी गेलो नाही. सकाळी त्यांनी नातीला धाडून बोलावून घेतलं.

"मास्तर, पानी कुठं गेलं?"

तेव्हा तरी? तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? एकटी म्हातारी समोर, आबा नाहीत, कुणी नाही. मी म्हणालो, "मुंबईवाल्यांनी बदललं, मावशी. मी लई भांडलो."

मग मलाच समजावायला लागल्या. "ऱ्हाऊ द्या. तुमी कशापायी वाईट वाटून घेता? तुमचा काय दोस हाय." चहा केला. मी तो प्यायलो. मावशींचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे नात मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली.

गेल्या वर्षी मेघाताईंचा फोन आला. कामानं बीडला आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, दत्ताचं जिच्याशी लग्न व्हायचं होतं, त्या बाई अजून आहेत का? एकदा पाया पडून येते."

मी म्हणालो, त्या वारल्या.

मावशी चांगल्या खुटखुटीत आहेत. परवा आठवडी बाजारात भेटल्या. मेघाताईंचं नाव निघालं की अजून तोंड फिरवतात. मला मात्र घरी बोलावतात, लेकाच्या जागी मानतात. मी जातो.