दोन बोटं उंच

टायरवाल्या मावशीचा राग कधी शिळा होत नाही. तिचा नवरा गेला, त्याच महिन्यात दिराने दोघा भावांची शेड बळकावली आणि मावशीची अवजारं रस्त्यावर फेकली. मावशीने समोरच ताडपत्री बांधून दुकान थाटलं आणि नऊ वर्षं त्या शेडकडे बघत दात-ओठ खाल्ले.

गेल्या आठवड्यात दीर जीप घेऊन आला. "वहिनी, डोंगरात चालतील असे मोठे टायर बसवा."

"भावजी, गाडी दोन बोटं उंच होईल."

"होऊ दे की! लोकांनी मान वर करून बघितलं पाहिजे."

मावशीने चारही टायर चढवले, एकेक नट दोनदा आवळला, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाहीत ना, तेही पाहिलं. खोट काढायला जागाच ठेवली नाही.

शेडचं शटर तिनेच मोजून बसवलं होतं. जीपचा टप त्याखालून जेमतेम एक बोट सोडून जायचा.

आता जीप उन्हात उभी असते, अवजारं पडली होती अगदी तिथेच. टायर उतरवा म्हणायला दिराची जीभ रेटत नाही. मावशी रोज सकाळी रस्त्यापलीकडून ओरडते, "भावजी, शेड रिकामीच आहे ना? मग येऊ का परत?"